दाजींना न उठवल्याची दुपार

डोळे मिटले की ती दुपार अजून पाण्यावर डुलत असते. किनारा मागं विरघळून गेलेला, वारा पाठीशी, पांढरं शीड एका अंगाला पोट काढून निजल्यासारखं. बोटीत आम्ही दोघंच, मी आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. दाजी लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातले. तिथून नौदलात गेले, निवृत्त होऊन छत्रपती संभाजीनगरात राहिले, आणि कोकणातल्या एका बंदरात त्यांनी शिडाची जुनी बोट ठेवली. दर हिवाळ्यात मी कंपनीतून रजा काढून त्यांच्यासोबत जायचो.

दोघांनीच बोट चालवायची तर अंगातल्या जोरापेक्षा आधीची तयारी उपयोगी पडते. शीड चढवायचे आणि ओढायचे सगळे दोर दाजींनी डोलकाठीपासून फिरवून सुकाणूपाशी आणले होते, म्हणजे एकट्या माणसाला जागा सोडून पुढं जायला नको. शीड लहान करताना ते कुठवर खाली घ्यायचं, त्या जागी दोरावर शहागंजच्या बाजारातून आणलेला लाल दोरा गच्च गुंडाळलेला. न बघताही तो बोटांना लागायचा. कंबरेला पट्टा, पट्ट्याचा दोर बोटीला. वारा मागून असला की शिडाच्या तळाची आडवी दांडी पुढं दोर ताणून बांधून ठेवायची. नाहीतर बोट जराशी वळली तरी ती दांडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला फटक्यात येते, आणि मधे जे असेल त्याला लागते. शीड लहान करावं का, असं पहिल्यांदा मनात आलं की तेव्हाच करायचं.

"दुसऱ्यांदा मनात येईस्तोवर लई उशीर झालेला असतो, पाव्हणं," ते म्हणायचे.

त्या दिवशी भाकरी-ठेचा खाऊन ते आत पडले. "वारा वाढला की उठवा मला."

"व्हय."

"नुसतं व्हय नको. हलवून उठवा."

तासा-दीड तासानं पाण्याचा रंग गडद झाला. लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसू लागलं. शीड लहान करावं, हे माझ्या मनात आलं. मी आत वाकून पाहिलं. दाजी उशाला हात घेऊन गाढ झोपले होते.

आमच्या घरात झोपलेल्या जावयाला कोणी उठवत नाही. दाजी गावी येऊन दुपारी लवंडले की वडील रेडिओ घेऊन गोठ्यात जायचे, आई बांगड्या कोपरापर्यंत सारून भांडी घासायची. मी पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, समुद्रावर उभा, आणि तरी मी हाक मारली नाही. पण हे अर्धंच खरं. उरलेलं असं, की त्यांनी जागं होऊन बघावं, शीड नेटकं लहान झालेलं असावं, आणि त्यांनी मला शाबास म्हणावं, असं मला वाटत होतं.

मी दांडीचा बांधलेला दोर सोडला. मग शिडाचा दोर धरायला सुकाणू सोडलं. दोन हातांत तीन कामं घेतली. बोट सावकाश, जणू झोपेत कूस बदलावी तशी वळली. शीड फडफडलं. त्या आवाजानं दाजी वर आले, आणि त्याच क्षणी दांडी फिरली. ती त्यांच्या उजव्या खांद्यावर बसली.

एका हातानं सुकाणू धरून त्यांनीच बोट बंदराला लावली. दवाखान्याच्या ओसरीवरून मी अक्काला फोन केला. "वारा अचानक आला गं. काही करताच आलं नाही." दाजी शेजारी बसलेले. त्यांनी ऐकलं आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

खांदा जुळला, पण हात डोक्याच्या वर जाईना. अक्कानं त्यांचं समुद्रावर जाणं बंद केलं. "अचानक वारं येतं त्या ठिकाणी म्हाताऱ्या माणसाचं काय काम?" शीड घडी होऊन पलंगाखाली गेलं. वर्षभर मी जाईन तेव्हा दाजी खिडकीच्या गजाला सुतळीच्या गाठी मारत बसलेले दिसायचे. मला बघून म्हणायचे, "या पाव्हणं," आणि चहा सांगायचे. त्यांची बोट मी हिरावली होती, आणि चहा पिऊन घरी येत होतो.

एका रविवारी अक्का मेथी निवडत होती. मी सांगून टाकलं. "अक्का, वारा अचानक नव्हता आला. तासभर वाढत होता. दाजी उठव म्हणाले होते. मी उठवलं नाही."

"का?"

"जावई माणूस. झोपले होते."

"येडा का काय रं तू? समुद्रात कसला आलाय जावई!"

"शाबासकी पण पाहिजे होती," मी म्हणालो.

आतून दाजी म्हणाले, "अगं, जाऊ दे की."

"तुम्ही गप बसा. वर्षभर माझी बोलणी खाल्ली तोंड मिटून, आता कशाला उघडता?" तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग ती मला म्हणाली, "जाऊ दे त्यांना बोटीवर. पण तुझ्यासंगं नाय. मी जाईन."

पुढच्या रविवारी गच्चीवर शीड पसरलं. दाजींचा हात वर जात नव्हता, म्हणून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. ते खुर्चीवरून सांगत होते. अक्कानं पदर खोचला, पट्टा आवळला आणि बोटांनी दोर चाचपत लाल दोऱ्याशी थांबली. "इथवर?"

"तिथवरच," मी म्हणालो.

हिवाळ्यात ती दोघं कोकणात गेली. बसमध्ये पिशव्या मी चढवल्या. चल म्हणून मला कोणी म्हटलं नाही, आणि ते मला बरोबर वाटलं.