नजरेचे पाच मार्क

आमच्या गावात आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत कोणत्याच लेकराला खरे मार्क पडत नाहीत. म्हणजे पडतात, पण गावाला कळतात ते पाच-सहा कमी करून. म्हैस चार लिटर दूध देत असली तर विचारणाऱ्याला तीन सांगायचं, कापूस बरा निघाला तर "कशाचं काय, निम्मी बोंडं किडली" म्हणायचं, लेकरू गुबगुबीत असलं तर "लय वाळलंय हो" म्हणत त्याला पदराआड घ्यायचं. पुरता आकडा तोंडातून निघाला की नजर लागते. माझ्या माहेरीही हेच होतं, पण सासरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, या विषयातल्या डबल ग्रॅज्युएट निघाल्या.

त्यांच्या शास्त्रातलं सगळ्यात कडक कलम आईसाठी होतं. "जगाची नजर मीठ-मिरच्यानं उतरती," त्या म्हणायच्या, "पर मायची नजर लय वंगाळ. खात्या लेकराकडं, निजल्या लेकराकडं मायनं डोळे भरून बघू नये." त्यामुळे मी माझ्या एकुलत्या एक पोरीला जन्मापासून चोरून बघत आले. ती आरशासमोर वेणी घालत उभी राहिली, छान दिसायला लागली, की मीच तिला हाकलायची. "हो बाजूला, माझीच लागंल तुला." हे ती इतक्या वेळा ऐकत मोठी झाली की तिला पाढ्यांसारखं पाठ झालं असणार.

आमचं गाव मानवतपासून एसटीनं अर्ध्या तासावर. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढे दोन वाटा होत्या. एक, शेजारच्या गावातलं हायस्कूल, पायी जाण्यासारखं. दुसरी, मानवतची मोठी शाळा. पोरीचं मन दुसऱ्या वाटेवर बसलं होतं, कारण विज्ञान प्रदर्शनाला गेली तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत तिला सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघायला मिळाली होती. घरी आल्यावर आठ दिवस आमच्या घरात कांदा साध्या रीतीनं चिरला गेला नाही. ती प्रत्येक पापुद्रा उजेडाला धरून बघायची आणि माझी भाजी करपायची.

तिच्या पप्पांना मात्र एसटीची धास्ती. आमची संध्याकाळची गाडी कधी येते, कधी फाट्यावरूनच परत फिरते. त्यांनी शेवटी तोडगा काढला. "शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं तर मानवत. न्हाई आलं तर शेजारच्या गावात काय वाईट हाय?" पोरीनं लगेच मान डोलावली. मीही गप्प बसले. मला वाटलं, यादीच आपल्या वतीनं भांडेल, आपण कशाला तोंड वाजवायचं.

हिवाळ्यात परीक्षा झाली. उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवून झाले की खालची कार्बनची प्रत लेकरांना घरी नेऊ देतात. ती पोरीनं कंपासपेटीत घडी करून ठेवली. पुढे काही आठवड्यांनी शाळेतल्या सरांनी मोबाइलवर उत्तरसूची पाठवली, तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. पोरगी माझा मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी दहावी झालेली आहे, ताळा करायला मलाही जमलं असतं. पण हात पिठात होते, आणि खरं सांगायचं तर जीव घाबरला होता.

ती बाहेर आली, तोंड धुतलं, ताटावर बसली आणि म्हणाली, "एकशे चौदा."

एकशेऐंशीपैकी एकशे चौदा. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि तीन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, दुःख गिळायलीय लेकरू. मी नेहमीसारखी तव्याकडं बघत राहिले.

त्यानंतर गावाला मेरिटचा ताप चढला. यादी कितीवर थांबणार, एवढा एकच प्रश्न. गिरणीवर, फाट्यावर, पालकांच्या ग्रुपवर, जिथं बघावं तिथं "यंदा पेपर सोपा व्हता, मेरिट चढणार" आणि "सोपा कुठला, लेकरं रडत बाहेर आली, उतरणार". परभणीच्या कुठल्याशा क्लासवाल्यानं अंदाजाचा व्हिडिओ टाकला. त्यातला अंदाज एवढा ऐसपैस होता की आमची म्हैसही पात्र ठरली असती. शेजारीण आली, तिला मी म्हणाले, "हिचे काय, शंभराच्या आसपास." ती म्हणाली, "आमच्याला तर नव्वद बी न्हाईत, बाई." दोघींनाही ठाऊक होतं की दोघी खोटं बोलतोय. आम्ही सुखानं चहा प्यालो.

शाळेतले सर इथलेच, मुरलेले. त्यांची अंदाज काढायची आपली एक हिकमत होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात पालकांना एकेक करून विचारायचे, आकडा ऐकायचे, आणि त्यात पाच मिळवायचे. "नजरेचे पाच धरतो बरं का," असं तोंडावर सांगायचे, आणि समोरचा लाजून हसायचा. पाथरीच्या, सोनपेठच्या ओळखीच्या सरांना फोन लावायचे आणि त्यांच्या आकड्यांतही पाच मिळवायचे. असं करत करत त्यांनी सांगितलं, की यंदा जिल्ह्याची यादी एकशे वीसच्या आसपास थांबेल.

माझी पाळी आली तेव्हा सगळ्या बाया जाईपर्यंत मी थांबले. मग हळूच म्हणाले, "सर, एकशे चौदा. आन् हिचे नजरेचे पाच धरू नका. खरेच चौदा हायेत."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. खरा आकडा सांगणारा पालक बहुतेक त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. "मंग अवघड हाय, ताई," ते म्हणाले.

वाटेतच माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि घरी पोचेपर्यंत त्या रडण्याचा राग झाला. माझं असंच आहे, रडू मला फार वेळ पुरत नाही. यादी माझ्या वतीनं भांडणार नव्हती, तर मग मलाच उभं राहायला हवं होतं. त्या दिवसापासून जेवणावळी गाजायला लागल्या. हे म्हणायचे, "गाडी न्हाई आली तर?" मी म्हणायची, "तर मी फाट्यावर येऊन थांबीन, तुमच्या स्कुटरीला काय गंज लागलाय का?" हे म्हणायचे, "मार्कच पडले न्हाईत तर कशासाठी धाडायचं?" मी म्हणायची, "कांद्याची साल बघायला!"

यात आत्याबाई ह्यांच्या बाजूनं. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "एवढी शिकून काय कलेक्टर व्हायलीय का?"

"व्हईल की," मी म्हणाले. "आन् झाली तरी भिऊ नका. गावाला आपण तहसीलदारच सांगू."

हे एकदम हसले. घास अडकला, ठसका लागला, पाणी प्याले आणि पुन्हा हसले. आत्याबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हलत होत्या. मग हे ताट बाजूला सारून म्हणाले, "बरं. यादीत येऊ न्हाई तर न येऊ. मानवतला घालू तिला."

या सगळ्या भांडणांत पोरगी दोनदा उंबऱ्यात येऊन उभी राहिलेली मला आठवते. तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, माठातलं पाणी पिऊन परत गेली. मला वाटलं, तिला लाज वाटतेय. मी तिला जवळ ओढून म्हणाले, "मार्कांची फिकीर करू नको. मी हाय ना." तिनं माझ्या कुशीत तोंड खुपसलं आणि तशीच राहिली.

यादी लागली ती उन्हाळ्यात. आमच्या शाळेत मोबाइलला रेंज फक्त निंबाच्या झाडाखाली येते, त्यामुळे सगळे पालक आणि लेकरं त्या एका सावलीत कोंबून उभे. मी तर केवळ पोरीसोबत म्हणून गेले होते, मला यादीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. पोरगी मात्र सकाळीच न्हाऊन, नवा ड्रेस घालून आली होती. तो ड्रेस का घातला, हेही मी विचारलं नाही.

सरांनी यादी उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि म्हणाले, "एकशे सव्वीसवर थांबली." मग कपाळाला हात लावून हसले. "आमी पाच धरत बसलो, तिकडं लोक दहा कमी सांगत व्हते जणू." यादीत आमच्या गावातलं कुणीच नव्हतं. मग ते एकेका लेकराचा नंबर टाकून मार्क सांगू लागले. पोरीचा नंबर टाकला आणि थबकले.

"एकशे तेवीस," सर म्हणाले. "ताई, तुमी तर चौदा म्हणाला व्हतात. मला पाच बी धरू दिले न्हाईत."

मी पोरीकडं बघितलं. सर म्हणाले एकशे वीस, तेव्हा हिच्याजवळ एकशे तेवीस होते. म्हणजे तेव्हापासून हिला खात्री होती की आपलं नाव येणार. आम्ही इकडं भांडत होतो आणि ही तिकडं गप्प राहून वाट बघत होती.

"मला कामून न्हाई सांगितलंस गं?"

"तूच म्हणतीस ना," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. "मायचीच नजर लागती म्हणून. तू पप्पासंग भांडायलीस तवा किती बार तोंडावर आलं व्हतं. पर म्हणलं, यादी लागू दे. मंग पुरतं सांगीन." तिनं नव्या ड्रेसच्या बाहीनं नाक पुसलं. "मी तर तुला बी सांगितलं न्हवतं, मम्मी. मंग कुणाची लागली?"

मी तिला सगळ्या गावादेखत छातीशी धरलं आणि घराकडं चालू लागले. वाटेत म्हणाले, "कुणाची न्हाई लागली, बाळा. तीन मार्क कमी पडले, बस." तिनं मान हलवली. मग मी विचारलं, "इतके दिवस एकटीच खुश व्हतीस का गं?" ती रडत रडतच हो म्हणाली, आणि तेव्हा मात्र माझा बांध फुटला. तीन मार्क गेले त्याचं मला तेवढं वाटलं नाही. पण एवढी मोठी खुशी लेकरानं कंपासपेटीत घडी घालून सांभाळली, आणि मी शेजारी बसून तिला नशिबानं हरलेली समजत केसांवरून हात फिरवत राहिले, हे मला सोसेना. आनंद माझ्यापासून लपवायचा असतो, हे मीच तिला शिकवलं होतं. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला, कोणाच्या तरी बांधावर बसून मनसोक्त रडलो.

घरी गेल्यावर ह्यांनी तिचा दाखला काढायची तारीख विचारली. त्यांचा शब्द फिरला नाही, यासाठी मी त्यांना जन्मभराची पंचवीस भांडणं माफ केली आहेत.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी तिच्यासोबत मानवतच्या गाडीत बसले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं नवं दप्तर बघून विचारलं, शिष्यवृत्तीला बसली होती का, किती पडले. माझी जीभ सवयीनं शंभराकडं वळली. मी ती आवरली आणि म्हणाले, "एकशे तेवीस." पोरीनं मला कोपर मारलं, "मम्मी, हळू!" बाई म्हणाली, "थोडक्यात हुकलं की! कुणाची तरी नजर लागली आसंल." मी म्हणाले, "न्हाई हो. पेपर अवघड व्हता, आन् पोरगी हुशार हाय."

परवा पहिल्या घटक चाचणीचे मार्क आले. गाडी वेळेवर आली होती. अंगणात मी, आत्याबाई आणि शेजारीण तिघी बसलो होतो. पोरीनं चपलासुद्धा काढल्या नाहीत, फाटकातूनच ओरडली, "मम्मी, विज्ञानात वीसपैकी अठरा! पुरते अठरा!"

आत्याबाई "अगं हळू, अगं हळू" करत मीठ-मिरच्या आणायला घरात पळाल्या. पोरगी माझ्यासमोर उभी होती, घामानं ओली, वेणी सुटलेली, तोंडभर हसत. मी तिच्याकडं डोळे भरून बघून घेतलं.