शॉनने ठेवलेलं नाव

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसूच फुटायचं, हे आधीच सांगते. मी सिव्हिल इंजिनिअर, नवरा अकाउंटंट, घर मस्कतच्या वादी कबीर भागात, ऑफिस तिथल्याच बौशरला... आम्ही घाबरायचो ते फक्त व्हिसा रिन्यूअलला.

ऑफिसात शॉन नावाचा आयरिश सर्व्हेअर होता. साठीचा, एकटा. लवकरच रिटायर होऊन गावी बहिणीकडे जाणार होता. दुसरं काही बोलायचाच नाही. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक शेताला नाव असतं — झऱ्याचं शेत, लंगड्या घोडीचं शेत. "माझ्या सासरीही आहेत की! वडाची पट्टी, जांभळीचं वावर," मी म्हणायचे. मग स्वारीची कळी खुलायची.

दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, नव्या रस्त्याच्या सर्व्हेसाठी आम्ही डोंगराकडच्या एका गावात गेलो. भर दुपार. खजुराची वाळलेली बाग, भोवती कमरेएवढी दगडी भिंत, आत जायला एकच वाट. शॉनने सवयीने जागेचं नाव विचारलं. म्हातारा ओमानी मालक हिंदीत म्हणाला, "इसका नाम नहीं है मॅडम. रखना भी नहीं. जो नाम रखता है, उसको ये ज़मीन अपना समझती है."

मी शॉनला समजावून सांगितलं. तो हसला. "बिचारी! मग आमच्या झऱ्याच्या शेताचंच नाव देतो हिला." त्याने ते नाव आयरिशमध्ये मोठ्याने उच्चारलं आणि आत गेला.

भिंतीच्या कडेने तो चालत राहिला. बाहेर पडायच्या वाटेसमोरून गेला... पुन्हा गेला... पुन्हा. मी हातभर अंतरावरून हाका मारत होते — त्याला ऐकूच येईना! शेवटी म्हाताऱ्यानेच "यल्ला, यल्ला, चलो" करत त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. शॉन लहान मुलासारखा रडत होता. "बाहेर का काढलंत? मी घरी पोचलो होतो..."

माझा नवरा म्हणाला, चकवा. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यातही ऊन लागतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. ठरल्याप्रमाणे शॉन गावी गेला, आणि मला वाटलं, सुटला एकदाचा.

आता त्याची बहीण मला फोन करते. तो तिला ओळखतो, शेजाऱ्यांना ओळखतो. पण रोज सकाळी बॅग घेऊन स्वतःच्याच झऱ्याच्या शेतात उभा राहतो आणि दिसेल त्याला विचारतो, घरी जायचा रस्ता कुठला?

 

परवा ती म्हणाली, "त्याला परत तिकडेच घेऊन येऊ का? निदान त्या बागेत तरी त्याला बरं वाटेल."

ती बाग आता नाही. तिच्यावरून आमचाच रस्ता गेलाय.