आंबलेलं अंग आणि पारनेरकडची तालीम

सात वर्षांचा खाडा पाडून मी पुन्हा लंगोट बांधायचं ठरवलं, तेव्हा बायकोनं एकच विचारलं, "कशाला?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी श्रीरामपुरात मास्तर, वय तीस, पोट सुटायला लागलेलं. कॉलेजात मी आणि बाळू एकाच मातीत लढलो होतो. त्याचं पत्र आलं की परीक्षा संपल्या की आठ दिवस आमच्या तालमीत येऊन राहा, अंग मोकळं कर, मग वैशाखातल्या यात्रेत तुझी कुस्ती लावतो. मला तेवढी एकच कुस्ती हवी होती. आपण अजून पैलवान आहोत की नुसतेच मास्तर, हे मला एकदाचं कळून घ्यायचं होतं.

सकाळच्या एसटीनं राहुरीमार्गे नगर गाठलं, दोन तासांत. राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि खिडकीतून गार वारा. नगरला स्टँडबाहेर तर्रीदार मिसळ खाल्ली, गाडी बदलली. पुणे रस्त्याला लागलं की हिरवं संपतं. सुप्याला आज कारखानेच कारखाने दिसतील. तेव्हा फाट्यावर चहाची टपरी होती आणि माणसं कोंबून पारनेरकडे जाणारी जीप. सगळा प्रवास पन्नास रुपयांच्या आत झाला. बाळूचं गाव पारनेरच्या पुढे चार मैलांवर. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

तालीम मात्र देखणी होती. जाड दगडी भिंती, आत गारवा, तेल-हळद घालून मळलेली लाल माती. वस्ताद सत्तरीचे.

"खाडा किती?"

"सात वर्षं."

"मंग दमानं घ्या, मास्तर."

मी कसला दमानं घेतोय! पोरं बघत होती म्हणून पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारल्या. तुम्ही व्यायाम पुन्हा सुरू करणार असाल तर हा शहाणपणा करू नका. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, तीच खरी फसगत असते.

वस्ताद हसले. "परवा अंग आंबंल. भिऊ नका. आमच्याकडं रीत हाय, मोठ्याचं अंग लहानानं रगडायचं. आधी पायाला हात लावायचा, मंग तळव्यापासनं वर यायचं. उठून पळाल बगा."

रात्री बाळूच्या घरी जेवण. बाजरीची भाकरी, शेंगुळे, कांदा. वडिलांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. आम्ही बौद्ध. बाळूला ते कॉलेजपासून ठाऊक होतं, वडिलांना त्यानं सांगितलं नव्हतं. "बरं बरं, जेवा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझी वळकटी ओसरीवरून तालमीत हलली. बाळू म्हणाला, तिथं गार असतं. मला ते खरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी बसलो तो उठता येईना. शेवटी बाभळीची फांदी धरून उभा राहिलो, हाताला दोन काटे घेऊन. मांड्या भरून आलेल्या, पोटऱ्या हात लावू देईनात. तरी मातीत उतरलो. पोरांनी माझी मान धरली, कंबर धरली, दोघंतिघं छातीवर बसली. घामानं घाम पुसला जात होता. दुखत होतं, पण फार बरं वाटत होतं.

मेहनत संपल्यावर पाच-सहा मोठे पैलवान सतरंजीवर पालथे पडले. मीही पडलो. पोरं आली, एकेकाच्या पायाला हात लावून तेल रगडायला बसली. माझ्या कानाजवळून पावलं गेली, परत आली. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. शेजारचे उठले, अंघोळीला गेले. मग माझ्या डोक्याशी कुणीतरी बाटली ठेवली. बाळू होता.

"घे, लाव. हात पोचतो की."

"पाठीला?"

त्यानं बाटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "पोरं न्हाई म्हनत्यात. पायाला हात लावायचं आलं ना त्यात. घरी कळलं तर बोलनी बसत्याल त्यास्नी."

"आणि तू? तू तर माझ्या बरोबरीचा."

"मला काय न्हाई रं. पन मला गावात ऱ्हायचंय."

तासाभरापूर्वी हीच पोरं माझ्या मानेवर लोंबकळत होती! माझं डोकं सणकलं. वस्तादांकडे गेलो. ते समजुतीनं म्हणाले, "मातीत समदे सारखेच, मास्तर. भायेर रीत असती." आणि मला शेकायला त्यांनी बादलीभर ऊन पाणी पाठवलं. आपण चांगलंच वागतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला त्याचीच चीड आली.

चौथ्या दिवशी पहाटे वळकटी घेऊन निघालो. चार मैल पायी. पहिला मैल लंगडत; पारनेर येईतो पाय बरेच सुटले होते. आंबलेल्या अंगाला सावकाश चालणं फार मानवतं, पडून राहिलात तर आणखी आखडतं. घरी बायकोनं ऊन पाणी दिलं, तिळाचं तेल हलक्या हातानं पोटरीपासून वर चोळलं, का परत आलो ते विचारलं नाही. दोन दिवसांत अंग मोकळं झालं. रगडून घेतलंच पाहिजे असं काही नसतं. वेळ दिला की दुखणं आपोआप जातं.

वैशाखात बाळूचं कार्ड आलं: जोड ठरलीय, ये. मी गेलो नाही. पुन्हा लंगोटही बांधला नाही.

बऱ्याच वर्षांनी नगरला एका लग्नात बाळू भेटला. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. तिला म्हणाला, "हे लई भारी पैलवान हुते. पन ह्यांनीच सोडली कुस्ती."

"का सोडली, काका?" मुलीनं विचारलं.

बाळू माझ्याकडे बघत होता. "नोकरी," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, अगदी सगळ्यांसमोर. तालमीवरचा राग आता पुसट झालाय. त्या एका शब्दासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.