पुढच्या सालचा पहिला बोल

मंडईच्या कबड्डीतला तो सौदा शहाणपणाचा होता की मूर्खपणाचा, यावर आमच्या गावात दहा-बारा वर्षं वाद चालला. सुरुवातीला मूर्खपणाच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मीच होतो, त्यामुळे हे लिहायचा पहिला हक्क माझा.

सानगडीच्या अंगाला आमचं गाव, तलावापलीकडे दुसरं, आणि मधे एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती. टोल्याचा स्वतःचा संघ नव्हता. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दोन्ही गावं कबड्डीला भिडायची, तेव्हा टोल्यातला एकेक गडी दोघांनी घ्यायचा. आधी कोणी मागायचा याची पाळी एक साल आमची, एक साल त्यांची. त्या पाळीला ‘पहिला बोल’ म्हणत. सौदा झाला त्याच्या पुढच्या सालचा बोल आमचा होता, आणि टोल्यातला एक धिप्पाड गडी शिक्षण संपवून तेव्हाच लाखांदूरहून परत येणार होता. तो आमचाच, असं आम्ही धरून चाललो होतो.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं असतील. आमचा कप्तान सायकली दुरुस्त करायचा. एका बाजाराच्या दिवशी तो पलीकडच्या गावी गेला आणि पुढच्या सालचा पहिला बोल त्यांना देऊन त्यांचा एक माणूस घेऊन आला. तलावात जाळं टाकणाऱ्या घरातला, वीस-बावीस वर्षांचा, कबड्डीचा एक डावही न खेळलेला.

सायकलच्या दुकानासमोर सगळे जमले.

“याचं काय पाह्यलं गा तू?” मी कप्तानाला विचारलं.

“दम. जाळं अडकलं का हा खाली जाते. माझी बिडी संपली, तरी हा वर निंगला नाही.”

“पाण्यात दम कोंडा लागते. कबड्डीत तो बोलू बोलू खर्च करा लागते. एवढंही नाही समजत तुले?”

“मंग तू शिकव ना त्याले.”

हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं म्हणतात ते हेच, असं मी चारचौघांत सुनावलं. माझं पोट दुखत होतं हे खरं. पाच साल शेवटची चढाई माझी होती, आणि कप्तान माझ्याच हातून माझी जागा दुसऱ्याला द्यायला निघाला होता.

पहिल्या सरावाला तो रेघ ओलांडून गेला आणि तोंड घट्ट मिटून उभा राहिला. जन्माची सवय. बघायला जमलेले सगळे हसले, आणि त्यांच्यासोबत तोही हसला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकडे गेलो, तर हा गळाभर पाण्यात उभा राहून ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत होता.

“इथं काहून करून राहिला?”

“पानी छातीले दाबते दादा. दाबल्यावर म्हनता आलं, त जमिनीवर सोपं जाईन.”

इतकी वर्षं मी खेळत होतो, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्याला मन लावून शिकवलं. पाय कसा टाकायचा, पाठ कधी दाखवायची नाही, सगळं. सकाळी काठावर बसून त्याचा दम ऐकायचा मला नादच लागला.

मंडईच्या दिवशी शेवटच्या चढाईला आम्ही तीन गुणांनी मागे होतो. आमच्या बाजूला मी आणि तो, दोघंच उरलो होतो. बाद होऊन बाहेर बसलेला कप्तान मला म्हणाला, “तूच सांग, कोन जाते?”

मी गेलो असतो तर कोणी नाव ठेवलं नसतं. मी त्याला पाठवलं.

समोर त्याचंच गाव. चौघांनी त्याला धरला, पाडला आणि वर पडले. दम तुटला, दम तुटला, असा गलका झाला. पंच गुडघे टेकून मातीशी कान लावून बसला.

पुढच्या साली तो टोल्यातला धिप्पाड गडी पलीकडून खेळला आणि त्यानं आम्हाला मातीत लोळवलं. त्याच्या पुढच्या सालीही. त्यामुळे वाद मिटला नाही, आणि ऐंशीच्या पुढेही लोक मला विचारायचे, “सांगा बावा, सौदा बरोबर होता का?” मी त्यांना त्या ढिगाचंच सांगायचो. चार माणसांच्या खालून तो आवाज येत होता, बारीक, पण न तुटता. तलावावर रोज ऐकलेला, म्हणून मला लगेच ओळखू आला. मी आपल्या बाजूला एकटा उभा, नकळत त्याच्यासोबत म्हणू लागलो. कबड्डी, कबड्डी. माझा दम तुटला. मी दुसरा घेतला, तोही संपत आला, तेव्हा ढिगाखालून एक हात निघाला आणि मधल्या रेघेवर पडला.