उसनी सतरंजी आणि खरं इंग्रजी

आमच्या अक्काचं जुळत आलेलं लग्न मी इंग्रजी शिकवून मोडलं. (व्याकरणात एकही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.)

आम्ही तेव्हा धुळ्याजवळ, देवपूरच्याही पलीकडे एका खेड्यात राहायचो. मी मॅट्रिकला आपटून घरी बसलो होतो. बसलेल्याला काहीतरी काम हवं, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोरल्या भावाची दोन पोरं माझ्यापुढे आणून उभी केली. चिंधू आठ वर्षांचा आणि गोदी सहाची.

"यास्ले विंग्रजी शिकाड," आबा म्हणाले. "तुले तं आलं नही, यास्ले तरी येऊ दे!"

आमच्या मास्तरांनी आम्हाला शब्दांचे अर्थ छडीने शिकवले होते. मी ठरवलं, आपण वस्तू दाखवून शिकवायचं. गोठ्यात नेऊन 'काऊ', विहिरीवर नेऊन 'वेल'. घोडं अडलं ते 'अवर'पाशी. अवर म्हणजे आमचं, हे सांगून झालं; पण 'आमचं' दाखवणार कसं? मग पोरांना गावभर फिरवलं. आमच्या विहिरीला हात लावून "धिस इज अवर वेल!" आणि शेजारच्या पाटलांच्या विहिरीला हात लावून "धिस इज नॉट अवर वेल!" गोदीला हा खेळ भलताच आवडला. चिंधू मात्र लबाड. पाटलांच्या आंब्याखाली उभा राहून खुशाल "अवर मँगो" म्हणायला लागला. तेव्हा मी डोळे मोठे करून त्याला दम भरला, "इंग्रजीत खोटं बोललं की जिभेला फोड येतो!" (साहेबाचं राज्य डोक्यावर असताना मला हे सुचावं, म्हणजे कमालच!) पोरांनी मात्र ते मनावर घेतलं.

अशात अक्काला बघायला पिंप्राळ्याहून पाहुणे यायचं ठरलं. अक्का माझ्याहून वर्षाने मोठी. दोन ठिकाणांहून नकार आले होते आणि गावातल्या बाया आता तिच्याकडे बघून आवाज खाली आणायला लागल्या होत्या. मुलगा शिकलेला, घर चांगलं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं आबांनी ठरवलं.

मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे घर सजलं. पाटलांकडून सतरंजी आली, मास्तरांकडून भिंतीवरचं घड्याळ आलं, अंगणात कुणाची तरी पांढरीशुभ्र बैलजोडी येऊन बांधली गेली आणि अक्काच्या गळ्यात मामीची पुतळ्यांची माळ पडली. यात फसवाफसवी काही नाही हं! बघण्याच्या दिवशी सगळेच उसनं आणतात, पाहुण्यांनाही ते ठाऊक असतं. फक्त ते कुणी बोलायचं नसतं, एवढाच नियम.

पाहुणे आले. मुलगा कोट-टोपी घालून खाली मान घालून बसला. त्याचे वडील भरदार मिशांचे. चहा झाला, बोलणं रंगलं, बैलांचं कौतुक झालं. आबांची छाती फुगली. इथवर मी गप्प होतो. तसाच राहिलो असतो तर अक्काचे दोनाचे चार हात झाले असते. पण मला वाटलं, घराण्यात विद्याही आहे हे दिसू द्यावं!

"आमची पोरंसुद्धा इंग्रजी बोलतात," मी म्हणालो. "गोदे, बोल गं काहीतरी."

गोदी पुढे झाली. तिने शिकवल्याप्रमाणे वस्तूला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "धिस इज नॉट अवर सतरंजी!"

मुलाने झटकन तोंडावर रुमाल धरला.

"वा! काय म्हणते हो पोर?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"म्हणते... या, सतरंजीवर बसा."

चिंधूला कुठला दम निघतोय! तो भिंतीकडे धावला. "धिस इज नॉट अवर क्लॉक!" मग अंगणात. "धिस इज नॉट अवर बुलक! दॅट इज नॉट अवर बुलक!"

"आणि हे?"

"म्हणतो, घड्याळ बरोबर आहे... बैल धष्टपुष्ट आहेत."

तेवढ्यात गोदीने अक्काच्या गळ्याला हात घातला. मी ओरडलो, "गोदे, नको!" पण ती बोलून मोकळी झाली होती आणि वर माझ्याकडे बघून रडवेली झाली.

"काका, तुम्ही खोटं कसाले सांगतस? जीभले फोड येई ना! हाई माळ मामीनी शे, सतरंजी पाटीलनी शे. आमनं काहीच नही शे!"

उसनं आणलेलं चालतं. पण ते तोंडावर बोललं गेलं, की पाहुण्याला उठावंच लागतं. मुलाचे वडील उठले. सुपारीलाही हात न लावता बाहेर पडले. मुलगा मागे रेंगाळला, जोडा घालताना वाकून गोदीच्या कानाशी काहीतरी बोलला आणि गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी आबांची नजर चुकवून मी ओट्यावर बसलो होतो. गोदी हळूच येऊन बसली.

"काका, कोट म्हणजे डगलाच ना?"

"हो."

"मंग तो पाव्हना माले म्हने, 'धिस इज नॉट माय कोट.'"

मी रस्त्यापर्यंत धावत गेलो. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. आता निरोप तरी काय धाडणार? तुमचाही कोट उसना आहे, या आपण सोयरे होऊ, असा? अक्काने गोदीचं बोलणं दारातून ऐकलं होतं. मी परतलो तेव्हा एवढंच म्हणाली, "माळेला हात लागला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तो एकटा हसू दाबत होता." आणि आत गेली. तिचं पुढे दुसरीकडे लग्न झालं, माणूस सज्जन आहे, पण त्याला हसताना मी अजून पाहिलेलं नाही.

अक्का माहेरी आली की तिची मुलं माझ्याभोवती जमतात. परवा तिने त्यांना माझ्याकडे बोट दाखवून शिकवलं, "धिस इज अवर मामा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी घरात खरोखर आपली अशी एकच वस्तू होती रे, ती म्हणजे तू. आणि नेमकी तीच दिवसभरासाठी पाटलांकडे ठेवायला हवी होती!"