बुधवारचा पंचनामा

दुपारी मोशीतल्या घरी जरा डोळा लागला, की चाकणची ती शेड पुढे येते. आवाज येत नाही, नुसते चालणारे हात दिसतात. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, हा सहा डब्यांचा गुन्हा काही पाठ सोडत नाही.

एका कारखान्याने बंद पडलेली जुनी उत्पादनाची लाइन विकली. घेणाऱ्याने तिचं विजेचं कपाट उघडलं, तर यंत्राच्या कंट्रोलरला वीज देणारे सहा पॉवर सप्लाय मॉड्यूल गायब. वस्तू जेवणाच्या डब्याएवढी, पण ती नसली की केवढंही यंत्र मुकं. फिर्याद आली, गुन्हा दाखल झाला. आम्ही भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आलो.

खबर दिली कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवाल्याने. "साहेब, उगं बाहेर हुडकताय. ते डबं कंपनीच्या बाहेर गेलंच न्हाईत. मेंटेनन्सवाल्याला इचारा."

मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन धाराशिवकडचा, पन्नाशीचा माणूस. चौकशीत माझा एक आडाखा असे, चोराची नजर दाराकडे जाते. याची सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी डाफरलो, "कुठं जायचंय तुला?"

"कुठं न्हाई, साहेब. दुसरी पाळी लागली असंल. लाइन चालू हाय का, एवढं फोन करून इचारू का?"

इथे गाठ सुटली. मग तो सगळं बोलला. चालू लाइनवरचे मॉड्यूल सारखे बंद पडायचे. नवे मागवले होते, ते येईनात. आणखी एकदा लाइन थांबली तर काम दुसऱ्याला देऊ, असं गिऱ्हाइकाने बजावलं होतं. त्या लाइनवर चाळीस बाया. म्हणून याने विकलेल्या यंत्रातले सहा काढून इकडे बसवले. घरी एक खिळाही नेला नव्हता. तरी चोरी ती चोरीच.

"साहेब, नवे मॉड्यूल उद्या येतेत. गुरुवार हाय, कंपनीला सुट्टी. उद्या काढा. आज नका काढू."

"पंचनामा तुझ्या सोयीनं करू का?" मी म्हणालो. पंच हजर होते, गाडी उभी होती आणि मला जप्तीची घाई झाली होती.

शेडमध्ये तिरप्या उन्हात धूळ तरंगत होती. सरकत्या पट्ट्यावर बाया मोटारींच्या वायरी गुंफत होत्या, एक जणी स्वतःशीच गुणगुणत होती. क्षणभर मलाही तिथे नुसतं बसून राहावंसं वाटलं. बसलो नाही. मॉड्यूल त्याच्याच हातांनी काढायला लावले. त्याने मेन स्विच पाडला, कपाटातले सहाही हिरवे दिवे विझले आणि पट्टा थांबला.

एक बाई जवळ येऊन त्याला म्हणाली, "दादा, परत कधी चालू व्हईल ओ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मॉड्यूलवरचे नंबर जुळवत होतो.

मुद्देमाल शंभर टक्के हस्तगत झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊन तो सुटला, पण नोकरी गेली. त्या दिवशीचा माल वेळेत निघाला नाही, गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं आणि त्या बाया घरी बसल्या.

याचं मला वाईट वाटतं, आडपडदा न ठेवता लिहितो. गुन्हा खरा होता, कलम बरोबर होतं, आरोपीही तोच होता. पण कायद्याच्या पुस्तकात बुधवार आणि गुरुवार यांत फरक नसतो. तो तपास अधिकाऱ्याने करायचा असतो. माझ्या हातात होता, मी केला नाही.