पहिल्या पानावरची सही

काकांना चिडलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा. आमच्या कंपनीत एकही हात वर होणार नाही. बावीस वर्षं हा माणूस एका खिडकी नसलेल्या खोलीत पत्र्याच्या पेट्या तापवत बसला आणि स्वतः एकदाही तापला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. ते एकदा तापले असते, माझी कॉलर धरून मला एक ठेवून दिली असती, तर फार बरं झालं असतं.

आमची कंपनी कॉम्प्युटरची कॅबिनेट बनवते. लोक ज्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, ती बाहेरची रिकामी पेटी. स्वस्तातली. पत्रा इतका पातळ की धरताना जरा जोर लागला तर बोटांचे खड्डे पडतात. पंखा एकच, मागच्या बाजूला. पुढे आणखी दोन पंख्यांची जागा असते, पंखे नसतात. त्याला आमच्या पत्रकात ‘तीन पंख्यांची सोय’ म्हणतात. पत्रकं मी करतो. खोक्यावरचं चित्र, मजकूर, मोठाले आकडे, सगळं माझं.

काकांचं काम प्रत्येक नवं मॉडेल तपासायचं. पेटीत कॉम्प्युटर जोडायचा, त्याला तासभर ढोरमेहनत करायला लावायची आणि आत किती तापतं ते मोजायचं. ऐकायला सोपं. पण काकांनी त्या खोलीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने एक टेबल ठोकलं होतं, तीन बाजूंनी फळ्या लावून बंद केलेलं, मागे भिंत चार बोटांवर. मोकळ्या टेबलावरची तपासणी संपली की कॅबिनेट त्या बिळात ढकलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

“लोक घरी कुठे ठेवतात रे?” ते मला म्हणायचे. “टेबलाखाली. भिंतीला पाठ लावून. शेजारी कचऱ्याची टोपली. मग मी फक्त मोकळ्यावर कशाला तपासू? माणसाला धाप लागते का, हे जिना चढवून बघायचं असतं, खुर्चीत बसवून नाही.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम लोकर असायची. काकू स्वेटर विणायच्या, त्यातले उरलेले तुकडे. बोटभर लांबीचे धागे ते पेटीच्या प्रत्येक भोकापुढे चिकटपट्टीने लावायचे. हवा आत जात असली की धागा जाळीला चिकटतो, बाहेर येत असली की फडफडतो, आणि हवा नसलीच तर नुसता लोंबतो. आम्ही पाठीमागे त्यांना ‘लोकरकाका’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, कारण एकदा काकूंनी विणलेली कानटोपी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “लोकरकाकूंकडून.”

त्यांच्या तपासणीचा एक क्रम ठरलेला. आधी पुढचं पॅनेल काढून मोजायचं, मग लावून, मग बिळात. पॅनेल काढून कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

“ताप मोजायच्या आधी अंगावरची गोधडी काढतात ना? तसं. आधी पेटीचा स्वतःचा ताप कळला पाहिजे. मग कळतं की पुढच्या पॅनेलने किती घात केला.”

म्हणजे पहिल्या पानावर नेहमी चांगला आकडा, दुसऱ्यावर जरा वाईट, तिसऱ्यावर खरा आणि चौथ्यावर काकांचं मत. आणि चारही पानांवर खाली पूर्ण सही. आधीच्या नोकरीत त्यांच्या अहवालातलं मधलं पान कुणीतरी बदललं होतं, तेव्हापासूनची ही सवय. पान बदललं तर सही नसलेलं पान लगेच उघडं पडेल, असा त्यांचा हिशेब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ना त्यांना कळलं ना मला.

मग काचेचं मॉडेल आलं. समोर अखंड काळी काच, कुठे भोक नाही, फट फक्त खालच्या अंगाला, करंगळीही जाणार नाही एवढी. दिसायला देखणं. साहेबांनी आत कॉम्प्युटर जोडून ते ऑफिसात मधोमध चालू करून ठेवलं आणि येणारा-जाणारा त्यात केस नीट करायला लागला. काका आले, खाली वाकले, फटीपुढे एक धागा धरला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. धागा लोंबत होता.

“नाकापेक्षा मोती जड झालाय,” एवढंच म्हणाले आणि पेटी उचलून खोलीत घेऊन गेले.

अहवाल दोन दिवसांनी आला. खोलीचं तापमान सत्तावीस. काच काढून आत सहासष्ट. काच लावून अठ्ठ्याऐंशी. बिळात सत्त्याण्णव, आणि त्रेपन्नाव्या मिनिटाला कॉम्प्युटर आपणहून बंद पडला. चौथ्या पानावर लिहिलं होतं: नापास. काचेच्या दोन्ही कडांना दोन-दोन बोटं जाळी द्यावी, मग पुन्हा तपासू.

साहेब आरडाओरडा करणारे नाहीत. तसे असते तर निदान भांडण तरी झालं असतं. त्यांनी मला बोलावलं, अहवाल पुढे सरकवला आणि प्रेमाने म्हणाले, “काच तर येऊन पडलीये. आता जाळी कुठून आणू? पण पहिलं पान छान आहे. तेवढंच घे.”

त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. हे कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. खरं तर सबब म्हणूनच सांगतोय.

मी पहिलं पान स्कॅन केलं. वरची ओळ होती, ‘पुढील पॅनेल काढून घेतलेले मोजमाप’. ती कापली. कोपऱ्यात ‘पान १, एकूण ४’ होतं, तेही कापलं. उरला आकडा आणि खाली सही. सहीमागचा कागदाचा पिवळट रंग काढून टाकला, शाई गडद निळी केली आणि खोक्याच्या दर्शनी बाजूला तळहाताएवढी छापली. वर माझा मजकूर: ‘पूर्ण भार असतानाही फक्त सहासष्ट अंश. बावीस वर्षांच्या अनुभवी हातांनी तपासलेलं.’ साहेबांनी पाठ थोपटली. मला छान वाटलं, हेही सांगून टाकतो.

काकांनी ते खोकं पॅकिंगमध्ये पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे आले.

“पहिली ओळ कुठे गेली रे?”

“जागा नव्हती, काका.”

त्या खोक्यावर मी वीतभर उंचीचा उडता ससाणा काढला होता. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. काकांनी ससाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं.

“यात खोटं काय छापलंय ते दाखवा,” साहेब म्हणाले. “आकडा तुमचा नाही?”

“माझाच आहे.”

“सही तुमची नाही?”

“आहे.”

“मग तक्रार कशाची आहे, काका?”

काका बाहेर आले ते थेट आपल्या खोलीत गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांना सही खोटी आहे असं म्हणता येईना आणि खरी आहे असं सोसवेना.

पुढचे काही महिने ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत होते, मला त्याचाच त्रास व्हायचा. मग एका शनिवारी म्हणाले, “उद्या मोकळा आहेस? जरा माझ्याबरोबर चल.” कुठे, ते सांगितलं नाही. मी नाही म्हणू शकलो नाही.

आम्ही त्यांच्या थोरल्या भावाकडे गेलो. दादा घरच्या घरी समारंभांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून देतात. दोन खोल्या, त्यातली एक पूर्ण कामाची. टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून, आमचं काचेचं कॅबिनेट. शेजारी कचऱ्याची टोपली. काकांचं बीळ जसंच्या तसं. आणि वर फळीवर रिकामं खोकं जपून ठेवलेलं, सहीची बाजू पुढे.

“दुकानदाराला म्हटलं, ही माझ्या धाकट्याची सही,” दादा सांगत होते. आवाज शांत होता, पण ते काकांकडे बघत नव्हते. “तो म्हणाला, मग डोळे झाकून घ्या. घेतलं डोळे झाकून. तासाला दोनदा बंद पडतं हे. एका शाळेच्या पन्नास वर्षांच्या समारंभाचं काम होतं, सगळे जुने मास्तर, त्यातले दोघे आता नाहीत. वेळेवर झालं नाही. दिलं त्यांनी दुसऱ्याला. वर सगळीकडे सांगत फिरतात की याच्याकडे काम देऊ नका.”

“दादा, काच काढ ती,” काका म्हणाले.

“काच काढायची तर लावलीच कशाला तुम्ही?”

काका चालू कॅबिनेटपुढे गुडघ्यांवर बसले. खिशातून लाल लोकर काढली, फटीपुढे धागा धरला. लोंबला. मग काच काढली. धागा झटकन आत ओढला गेला आणि पत्र्याला चिकटला. दादा वाकून पाहत होते. त्यांना बरोबर कळलं.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तरी सही केलीस?”

इथे काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, दारापाशी आपण थांबतो ना दुसऱ्याला आधी जाऊ द्यायला, तसं. खोलीत तिघंच होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ‘ती ओळ मी कापली.’ चार शब्द. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यायलो.

“हे कोण?” दादांनी विचारलं.

“आमच्या ऑफिसातले आहेत,” काका म्हणाले. “पत्रकं करतात.”

पुढे काही नाही. काकांनी माझं नाव घेतलं नाही. चांगुलपणाने घेतलं नाही की मी स्वतः बोलावं म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दादांनी फळीवरचं खोकं हातात घेतलं, सहीवरून एकदा अंगठा फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

“यापुढे काही मागायला येऊ नकोस आणि द्यायलाही येऊ नकोस,” ते म्हणाले. “वहिनीने चहा टाकलाय, तेवढा पिऊन जा.”

चहा कुणालाच गेला नाही. परत येताना काका माझ्या एक पाऊल पुढे चालत होते. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर दादाच सही करायचा. वडील बाहेरगावी असायचे.” सिग्नल सुटला आणि ते चालायला लागले. मी स्वतःला सांगितलं की उद्या बोलू.

त्यानंतर त्यांच्या निवृत्तीला दोन महिने होते. तेवढ्यात आणखी एक मॉडेल आलं, पुन्हा काचेचं, फट आणखी बारीक. काकांनी नेहमीसारखं तपासलं. पॅनेल काढून, लावून, बिळात. सुवाच्य अक्षरात चार पानं भरली, चौथ्यावर नापास लिहिलं आणि अहवाल वर पाठवला. एकाही पानावर सही नव्हती. साहेबांनी पानं उलटीसुलटी केली आणि मला खाली पिटाळलं.

काका खोलीत धागे सोडवून गुंडाळत होते.

“काका, सही राहिली.”

“राहिली नाही.”

“साहेब थांबलेत.”

त्यांनी गुंडाळी खिशात टाकली. “तुझ्याकडे आहे ना एक? चांगली गडद करून ठेवली आहेस. तीच वापर.” आवाजात टोमणा नव्हता. दुकानदार वरच्या फळीवरची वस्तू दाखवतो, तसा आवाज होता. “मी आता नवी करणार नाही.”

मी वर आलो. माझ्या कॉम्प्युटरवर ती फाइल होतीच. मागचा कागद काढलेला, कुठल्याही रंगावर चपखल बसेल अशी. साहेब माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही.

काका निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. निरोपाच्या दिवशी त्यांना काचेचंच कॅबिनेट भेट दिलं, ते त्यांनी दारातल्या पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवलं आणि गेले. त्यांच्या खोलीत आता खोकी ठेवतात. बिळाच्या फळ्या काढून कुणीतरी खोक्यांसाठी मांडणी केली. त्यांच्या जागी माणूस घेतलेला नाही, कारण गरज भासली नाही. या तीन वर्षांत आम्ही नऊ मॉडेलं काढली. नऊही काकांनी पास केली आहेत.